घराखालचं गवत

डोळ्यांत थेंब टाकल्यावर नर्सने त्याला अर्धा तास डोळे मिटून बसायला सांगितलं, आणि तो अर्थातच डोळे उघडे ठेवून बसला. चाळीस वर्षं ज्याने डोळ्यांवर पोट भरलं त्याला डोळे मीट म्हणणं म्हणजे आचाऱ्याला नाक धरून बस म्हणण्यासारखं होतं. शिवाय समोरच्या भिंतीवर, प्यायच्या पाण्याच्या यंत्राच्या वर, त्याचा नकाशा टांगलेला होता. आत शिरताक्षणीच त्याने तो ओळखला होता. नदीकाठचं शहर, तीन फूट बाय दोन, जाड हातकागद, काळपट सोनेरी चौकट. पाचशे वर्षांपूर्वी, प्रबोधनकाळात, कुणा परक्या माणसाने उंच आभाळातून बघितल्यासारखं काढलेलं: तटबंदी, सतरा बुरूज, लाल कौलं, पुलावरची दुकानं, नदीत शिडांची अकरा जहाजं. अशा जुन्या शहरांच्या नकला त्यांच्या कारखान्यात हाताने रंगवल्या जात आणि लोक त्या दिवाणखान्यात लावत, सोफ्याच्या रंगाला शोभतील अशा बेताने. त्या शहरात कोण राहत होतं, कोण मेलं, कोणाला पडली होती? हिरवा पडदा असेल तर टेकड्या थोड्या गडद करून द्या, एवढंच गिऱ्हाईक सांगायचं. तो करून द्यायचा. पण भिंतीवरच्या नकाशाकडे बघताना आज त्याला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोला. दवाखान्यात बसलेल्या पाच-सहा माणसांत आपलं काहीतरी भिंतीवर आहे असा तो एकटाच होता, आणि हे कुणालातरी सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

'हा नकाशा मी रंगवलाय,' तो नर्सला म्हणाला.

'काय सांगता!' नर्स खरंच खूश झाली. 'मग तुमची परीक्षाच नको घ्यायला. डॉक्टर येईल त्या पेशंटला तिथे उभं करतात. नदीपलीकडचं घर आहे ना, त्याच्याखालची ओळ वाचता आली की म्हणतात, जा, तुम्हाला चष्मा नको.'

'ओळ?' तो हसला. 'ते घर माझंच आहे. त्याखाली ओळबीळ काही नाही. गवत आहे.'

'गवत कसलं हो काका! अक्षरं आहेत. बारीक, पण आहेत.'

'काय लिहिलंय?'

'ते सांगितलं तर परीक्षा कसली?' असं म्हणून ती दुसऱ्याच्या डोळ्यांत थेंब टाकायला गेली.

तो उठून नकाशापाशी गेला. एव्हाना थेंबांनी आपलं काम केलं होतं. हाताभरावरून बुरूज दिसत होते, पण नाक लावावं तसतसं सगळं विरघळत होतं, आणि नदीपलीकडे जिथे घर असायला हवं तिथे तांबूस डाग आणि त्याखाली हिरवा धूर एवढंच उरलं. त्याने डोळे चोळले, बारीक केले, मान तिरकी केली. धूर तो धूरच राहिला. मागून एक सुटातले गृहस्थ आले, 'जरा बघू' म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवून वाकले. 'इथे,' त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, 'इथे...' आणि तो दचकून बाजूला झाला, जवळजवळ पळालाच, बाथरूममध्ये जाऊन त्याने नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात उभा राहिला. आपल्या बायकोची अक्षरं एका परक्या माणसाच्या तोंडून ऐकायची नव्हती त्याला. ती अक्षरं तिची असणार यात शंका नव्हती. त्या काळात कारखान्यात अक्षरं एकच माणूस लिहायचा, आणि ती त्याची बायको होती.

डॉक्टरने त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यांत उजेड मारला आणि विचारलं, 'हल्ली निळा जास्त पडतो का हो तुमच्याकडून?' मालक गेले कित्येक महिने हेच म्हणत होते, तुमच्या नद्या निळ्याभोर व्हायला लागल्यात, गिऱ्हाईक कुरकुरतं, एकदा डोळे दाखवून या. त्याला वाटलं होतं, मालकालाच रंग कळत नाही. 'मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे,' डॉक्टर म्हणाला. 'पिवळ्या काचेतून बघताय तुम्ही जग. म्हणून निळं घालत सुटलात.' 'काही महिने झाले असतील,' तो म्हणाला. 'काही वर्षं म्हणा,' डॉक्टरने हसून दुरुस्ती केली. 'पुढच्या महिन्यात डावा करू. आणि आज जवळचं काही दिसणार नाही, संध्याकाळपर्यंत निवळेल.'

बाहेर आला तर ऊन अंगावर धावून आलं. प्रत्येक मोटारीच्या काचेवर एक एक सूर्य बसला होता. मनगटावरचं घड्याळ दिसेना आणि चौकातल्या मनोऱ्यावरचं मात्र लख्ख दिसत होतं: बाराला दहा कमी. हे बरं आहे, त्याला वाटलं, लांबचं सगळं स्वच्छ, हातातलं तेवढं धूसर. मग हा विचार आपल्याला आवडला याचाच त्याला राग आला. तो फुटपाथच्या सावलीच्या कडेने कारखान्याकडे चालू लागला. डोक्यात तो एक शब्द अडकला होता. इथे. इथे काय? इथे आम्ही राहतो. नाही तर, इथे दोघं सुखी होती. नाही तर दोघांची नावं असतील. त्या घराच्या दारात त्याने दोन माणसं काढलेली असायची, मुंगीएवढी, एक उभं आणि एक बसलेलं, धुराड्यातून निघणारा धूर. इतकी वर्षं आपण घर काढत होतो आणि ती त्याखाली गुपचूप काहीतरी लिहीत होती. साठी उलटलेल्या माणसाला असं गुदगुल्या झाल्यासारखं वाटणं शोभत नव्हतं, पण वाटलं खरं. तीन चौक चालेपर्यंत वाटत राहिलं. चौथ्या चौकात त्याच्या मनात आलं, की मग सांगितलं का नाही तिने? आणि मघाचा तो शब्द एकदम वेगळाच वाटू लागला.

मूळ नकाशात ते घर नव्हतंच. कारखान्याचा तसा नियम होता. नक्कल कितीही हुबेहूब झाली तरी मुळात नसलेली एक गोष्ट तिच्यात घालायचीच, म्हणजे उद्या कुणी ती जुनी म्हणून विकायला काढली तर पकडता यावी. आधी आधी मालक म्हणतील ते घालायचे, एखादं जादा जहाज, एखादा कुत्रा. पुढे ते काम त्याच्यावरच सोपवलं, कारण शेवटचा हात त्याचा असायचा. त्यानंतर कागद अक्षरांच्या टेबलावर जायचा, तिथून रोगणाला, तिथून चौकटीला. एकदा अक्षरांच्या टेबलावर गेलेला कागद रंगवणाऱ्याकडे परत यायचा नाही. अक्षरवाल्याच्या कामात रंगवाल्याने डोकं घालायचं नाही, हाही एक नियमच होता, कुणी न लिहिलेला. तो त्याने इतका कसोशीने पाळला होता, की लोकांना तो मोठेपणा वाटायचा.

घर त्याने पहिल्यांदा कधी काढलं ते त्याला नीट आठवत होतं, कारण आपला चांगुलपणा माणूस विसरत नाही. बावीस वर्षांपूर्वी तिला पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाचं. त्यांच्याकडे खरे जुने नकाशे होते, जीर्ण झालेले, अक्षरं उडालेले, आणि ती अक्षरं जागेवर आणायला त्यांना माणूस हवा होता. कुणीतरी तिचं काम पाहिलं होतं. आठ दिवसांत कळवा, असं लिहिलं होतं. तिने पत्र जेवायच्या टेबलावर त्याच्या ताटाजवळ ठेवलं. त्याने हात पुसून ते वाचलं, दोनदा वाचलं. वाचताना त्याला दिसलं ते असं: ती खऱ्या नकाशांवर वाकलेली आणि आपण तिथे, त्या शहरात, दुपारभर घरात. आई तेव्हा त्यांच्याकडेच होती, अंथरुणाला खिळलेली नव्हती पण खिळायच्या बेतात होती, आणि हे कारण वेळेला चांगलं धावून आलं. 'आईचं कसं करायचं ते बघावं लागेल,' तो म्हणाला. 'आणि मी तिथे काय करू, तुझ्या टाकांना टोकं करू?' ती हसली नाही तेव्हा तो पुढे म्हणाला, 'तू ठरव. माझी ना नाही.' हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. कित्येक वर्षं त्याने ते मित्रांना सांगितलं, मी तिला कधी अडवलं नाही, मी स्पष्ट सांगितलं, माझी ना नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका हॉटेलसाठी आठ नकाशे शेवटच्या हातासाठी आले होते. आठही नदीकाठच्या शहराचे. जादा काय घालावं याचा विचार करता करता त्याने नदीपलीकडे, तटाच्या बाहेर, मोकळ्या जागेत एक घर काढलं. मग धूर काढला. मग दारात दोघांना काढलं. कागद तिच्या टेबलावर ठेवताना तो हळूच म्हणाला, 'हे घे. तुझं-माझं घर. पाचशे वर्षांपूर्वीचं, कुणी उठवू शकणार नाही.' तेव्हा मात्र ती हसली होती. ते हसू त्याने जपून ठेवलं होतं. आज उन्हात डोळे बारीक करून चालताना त्याने ते पुन्हा काढून बघितलं, तर ओठ दिसत होते आणि डोळे कसे होते ते काही केल्या आठवेना. डोळ्यांकडे आपण पाहिलं तरी होतं का, कोण जाणे. त्यानंतर पत्राचा विषय निघाला नाही, आणि विषय निघत नाही म्हणजे मिटला असं समजण्याची त्याला सवय होती. त्या आठवड्यात एकदा तो घरी आला तर ती काळोखात बसलेली. दिवा लावलेला नाही, बाहेरचीच साडी, पर्स मांडीवर. 'आज माझं काम पाहिलंत?' तिने विचारलं. 'तुझं काम काय बघायचं? चोखच असतं,' तो म्हणाला होता, आणि 'दिवा लाव की, अंधारात काय बसलीस?' तिने उठून दिवा लावला होता. लग्नाआधी कारखान्यात ती त्याला तू म्हणायची. आई घरात आल्यावर तिने अहो-जाहो सुरू केलं, ते आई गेल्यावरही तसंच राहिलं.

कारखाना तिसऱ्या मजल्यावर. जिना चढताना त्याला स्वतःचे पाय अंधुक दिसत होते आणि वरच्या खिडकीतलं आभाळ झळझळीत. टर्पेंटाइनचा वास आला तसं जरा बरं वाटलं. अक्षरांच्या टेबलावर नवी बसली होती. बायको डोळ्यांच्या त्रासाने घरी बसली त्याला सहा वर्षं झाली, तरी कारखान्यात त्या मुलीला अजून नवीच म्हणत. तिच्यासमोर नदीकाठच्या शहराचा एक कागद होता, अक्षरं पुरी झालेला.

'घराखाली काय लिहितेस तू?' त्याने सरळ विचारलं.

नवीने टाक खाली ठेवला. पलीकडे जहाजं रंगवणाऱ्या दोघांनी मान वर केली आणि लगेच खाली घातली. ती मान खाली घालणं त्याला लख्ख दिसलं, लांब होतं ना.

'काकूंनी शिकवलं तसं लिहिते,' नवी म्हणाली. 'वरची रेघ न देता, म्हणजे गवतासारखं दिसतं.'

'तुला माहीत आहे काय आहे ते. यांनाही माहीत आहे.'

मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले, त्यांनी प्रसंग ओळखला आणि नेहमीप्रमाणे तो गोड करायला गेले. 'अहो, आम्हाला वाटलं तुम्हा नवरा-बायकोची काहीतरी आपापसातली गंमत आहे. आपण कशाला मध्ये पडा? आणि गिऱ्हाइकांना आवडतं हो ते. शोधून काढतात, पाहुण्यांना दाखवतात.' आजवर असे चारशे नकाशे विकले गेले होते; म्हणजे चारशे घरांत, सोफ्यांवर बसून, माणसं ते एकमेकांना वाचून दाखवत होती. आणि ज्याचं घर तो एकटा, गिऱ्हाइकांना माल दाखवण्याच्या खोलीत त्या नकाशासमोर उभा राहून एकदा बायकोला म्हणाला होता, 'घराखाली गवत काय सुंदर काढलंयस!' हे आठवून त्याच्या कानशिलात कढ चढला. तेव्हा ती काय म्हणाली होती? 'हो का,' एवढंच.

'वाचून दाखवू?' नवीने विचारलं. तिच्या आवाजात कीव होती, आणि ती त्याला सर्वांत जास्त झोंबली.

'नको.'

'मग भिंग देते. भिंगाने दिसेल तुम्हाला.'

'डोळ्यांत थेंब आहेत,' तो म्हणाला. भिंगाने दिसलं असतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण ओळ वाचताना चेहरा कसा होतो हे कारखान्याला बघू द्यायचं नव्हतं. त्याने तो कागद मागितला. मालकांनी चौकट लागायची आहे वगैरे काही म्हटलं नाही, नळीत घालून दिला, आणि त्यावरूनच त्याने ओळखलं की ओळ चांगली नाही.

दुपार त्याने बागेत काढली. बाकावर, नळी मांडीवर उभी धरून. लांब कुणीतरी पतंग उडवत होतं, त्याची शेपटी मोजता येत होती. हाताच्या रेषा दिसत नव्हत्या. इथे. इथे मला कोंडलं. इथे एक मूर्ख राहतो. तो स्वतःच एक एक वाक्य करून बघत होता आणि त्यातल्या त्यात वाईट वाक्य शोधत होता, म्हणजे खरं निघेल ते त्याहून बरं असेल. वाटेत येणाऱ्या कुणालाही कागद उघडून वाचायला सांगता आलं असतं. त्याऐवजी तो अख्खी दुपार तिच्यावर चिडत बसला. एवढं मनात होतं तर बोलायचं होतंस. मी काय तुझं तोंड धरलं होतं? माझी ना नाही, असं म्हणालो होतो मी, स्पष्ट. चिडून चिडून थकला तेव्हा मनगटावरचे काटे हळूहळू दिसायला लागले होते. साडेपाच. आता घरी न जाण्याला कारण उरलं नव्हतं.

ती खिडकीशी त्याच्या शर्टाला बटण लावत बसली होती. घरात भिंतीवर एकही नकाशा नव्हता. त्याने पूर्वी दोन-तीनदा आणायचं म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, दिवसभर तेच बघते, घरी नको. तेही त्याला पटलं होतं. सगळंच पटत आलं होतं त्याला.

'काय म्हणाले डॉक्टर?'

त्याने जेवायच्या टेबलावर कागद पसरला, चार कोपऱ्यांवर मीठदाणी, पेला, किल्ल्या आणि शेवटच्या कोपऱ्यावर स्वतःचा हात ठेवला. तिने कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. मग दोरा दातांनी तोडला, शर्ट बाजूला ठेवला आणि शिवणाच्या डब्यातून आपलं जुनं भिंग काढून त्याच्यासमोर ठेवलं. इतक्या शांतपणे, की ते भिंग याच कामासाठी डब्यात ठेवलेलं असावं. तो वाकला. आधी नुसता तांबूस डाग आला, मग छप्पर झालं, मग दारातली दोन माणसं, आणि मग त्याखालचं गवत एक एक पातं वेगळं होत उभं राहिलं.

इथे कोणी राहत नाही.

त्याने पुन्हा वाचलं. चारच शब्द होते, पुन्हा वाचण्यासारखं काही नव्हतं. बाकावर बसून त्याने याहून कितीतरी वाईट वाक्यं केली होती, पण त्या सगळ्यांत कुणीतरी राहत होतं.

'हे तू...' त्याने भिंग खाली ठेवलं. 'चारशे नकाशांवर?'

'पहिल्यांदा तुझ्यासाठी लिहिलं,' ती म्हणाली. किती वर्षांनी तू म्हणाली ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा आनंद होण्याची वेळ निघून गेली होती. 'मग माझ्या टेबलावरच्या नमुन्यात ते राहिलं. नक्कल करायची तर जसंच्या तसं करायला लागतं. तूच म्हणायचास.'

'तोंडाने का नाही सांगितलंस? मी अडवलं होतं का तुला?'

'अडवलं असतंस तर भांडले असते रे. माझी ना नाही म्हणालास. त्याच्याशी कसं भांडायचं?' तिने कागदावरची मीठदाणी उचलून जागेवर ठेवली, तसा तो कोपरा आपोआप गुंडाळला गेला. 'हॉटेलचे आठ नकाशे होते, आठवतं? आणि कळवायला आठ दिवस. रोज एक लिहिला. म्हटलं, आज वाचेल. घरी येऊन आरडाओरडा करेल, हे काय लिहिलंस म्हणेल, मग बोलता येईल. रोज तुझ्याआधी घरी येऊन बसायचे. एक दिवस तर विचारलंसुद्धा, काम पाहिलंत का म्हणून.'

'मग?'

'मग काय? आठ संपले. नवव्या दिवशी नाही म्हणून कळवून टाकलं.'

एवढं सांगून ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. बाहेरचा उजेड गेला होता. तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसती आकृती, आणि मांडीवर जिथे तेव्हा पर्स होती तिथे त्याचा शर्ट होता. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, बावीस वर्षांचं एकदम, पण तोंडात आलं ते तेच जुनं वाक्य. या वेळी त्याने ते गिळलं. खुर्चीला धरून उठला, भिंत चाचपत बटणापाशी गेला आणि स्वतःच्या हाताने दिवा लावला. उजेड त्याच्याच डोळ्यांत घुसला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

'बंद कर तो,' ती म्हणाली. 'तुझ्या डोळ्यांना त्रास होईल. मला आता काही वाचायचं नाहीये.'